सरगुंड्यांची जाहिरात

दुकानावर पहिला फ्लेक्स लागला त्याच दिवशी एक ट्रक ड्रायव्हर गाडी बाजूला लावून आत आला आणि म्हणाला, "ताई, तुमच्या इथं चायनीज भेटते काय?"

मी बाहेर येऊन वर पाहिलं. 'अस्सल वऱ्हाडी सरगुंडे' अशी ठसठशीत अक्षरं होती, ती बरोबर होती. पण खाली जे ताट छापलं होतं त्यात लाल रसात बुडालेल्या पीळदार नळ्या होत्या आणि वर एक हिरवं पान. वाशीमच्या ज्या दुकानात मी फ्लेक्स करायला दिला होता, तिथल्या माणसाला सरगुंड्यांचा फोटो कुठेच सापडला नव्हता. मग त्याने त्यातल्या त्यात जवळचं दिसणारं चित्र टाकलं. तो पास्ता होता.

आमचं दुकान शेलूबाजारला, हायवेला लागून. साबण, बिस्किटं, शेंगदाणे, शाळेच्या वह्या, असं सगळं थोडं थोडं. ते यजमान सांभाळतात. सरगुंडे ही माझी हौस होती. भिजवलेल्या कणकेची दोऱ्यासारखी बारीक वळी करायची, ती काडीवर गुंडाळत न्यायची, काडी उन्हात ठेवायची आणि अर्धवट सुकल्यावर हलकेच ओढून काढायची. मग स्प्रिंगसारखा पोकळ सरगुंडा हातात येतो. उन्हाळ्यात तो शिजवून आंब्याच्या रसात बुडवून खायचा. आमच्या भागात लग्नाच्या, पाहुणचाराच्या ताटात पूर्वी तो असायचाच. मशीनवर तो होत नाही. म्हणूनच मला वाटलं होतं की हा विकला जाईल.

विकला जात नव्हता. ज्यांना येत होते त्या घरी करत, ज्यांना माहीत नव्हते ते विचारत नसत. पुडे दुकानात टांगलेले राहत आणि संध्याकाळी मी त्यांच्यावरची धूळ पुसत असे.

मला सरगुंडे वळायला शिकवलं माझ्या सासूबाईंनी. मी त्यांना आत्याबाई म्हणते. कमी बोलणारी बाई. बाजारात भाजी घ्यायची तरी भाव विचारायला मला पुढे करायच्या. घरात मात्र, हातात काम असलं आणि भोवती ओळखीच्या बाया असल्या, की त्यांची जीभ मोकळी व्हायची. शेजारची भाबी त्यांची खास मैत्रीण. भाबी ईदच्या शेवया करण्यात पटाईत होती आणि तिची बोटं शेवईलाच सरावलेली होती. तिच्या नवऱ्याला सगळं शेलूबाजार भाईजान म्हणतं. त्यांच्या ऑटोवर भोंगा आहे. हरवलेल्या म्हशीपासून कपड्यांच्या सेलपर्यंत गावात काहीही सांगायचं असलं की लोक त्यांच्याकडे जातात.

फ्लेक्सची गंमत ऐकून भाईजान पोट धरून हसले. मग म्हणाले, "ताई, फोटो कायले पाहिजे? आवाज टाकू. तुमी बोला, मी रिकॉर्ड करतो. बाजाराच्या दिवशी फिरवतो."

मी रात्रभर डोक्यात वाक्यं जुळवली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणात बसले. कडुनिंबाखाली चटई टाकलेली. आत्याबाई, भाबी आणि आणखी दोघीजणी काड्या घेऊन वळत होत्या. भाईजाननी मोबाईल माझ्यासमोर उलट्या पाटीवर ठेवला आणि खूण केली.

"ग्राहक बंधू-भगिनींनो," मी सुरुवात केली, "आमच्या येथे उत्कृष्ट प्रतीचे, स्वच्छ व निर्जंतुक वातावरणात..."

'निर्जंतुक'ला जीभ अडखळली. पुन्हा म्हटलं, पुन्हा अडखळली. माझं ते चाललेलं असताना मागे बायांचं आपलं चालूच होतं. शेवटी कसंबसं एकदा सगळं सलग म्हणून झालं आणि मी घाम पुसत पाणी प्यायला आत गेले. भाईजानही चहा घ्यायला उठले. मोबाईल पाटीवर तसाच राहिला; माझं रेकॉर्डिंग थांबवताना त्यांनी चुकून दुसरं सुरू केलं होतं.

बाजाराच्या दिवशी मी मुद्दाम दुकानाच्या पायरीवर उभी होते. सकाळपासून जीपा येत होत्या, टपावर पोती, मागे लटकलेली माणसं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाजीच्या ओळी लागल्या होत्या. मसाल्याच्या दुकानात मिरची कुटायचं मशीन धडधडत होतं आणि एका जीपमध्ये जोरात गाणं लागलं होतं. लांबून भाईजानचा ऑटो दिसला. भोंगा खरखरला.

आणि त्यातून आत्याबाईंचा आवाज आला.

"अवं, काडी फिरव ना. बोटं कायले फिरवते? बोटं फिरवशीन तं सरगुंडा जाडा होते, अन् जाडा सरगुंडा आतून शिजतच नाई."

"मावशी, मेरे हाथ को शेवई की आदत है."

"मंग हाताले सांग, आज शेवई नाई म्हनून."

भोंग्यातून बायांचं हसणं फुटलं. भाईजाननी पेन ड्राइव्हमध्ये दुसरीच फाईल टाकली होती! मी हात हलवत पायरी उतरले, पण ऑटो गर्दीच्या पलीकडे होता आणि भाईजाननाही पुढे काय वाजतंय ते बहुतेक त्याच क्षणी कळत होतं.

आत्याबाई बोलतच होत्या. "माह्या मायनं मले सासरी धाडलं तवा डब्बाभर सरगुंडे देल्ले व्हते. इथं आली तं कोणीच ओयखीचं नाई. दुपारी सारे झोपले का मी डब्बा उघडो, अन् नुस्ता वास घेओ. खाओ नाई. खाल्ले तं सरतीन ना."

"मंग वं?" भाबीने विचारलं.

"मंग काय. रसाचे दिवस आले. सासूनं डब्बा पाह्यला. म्हने, काढ बाई ते, साऱ्याइले कर. केले. सारे एका पंगतीत बसून जेवले. सासरे म्हनले, अजून हायेत काय? त्या दिवसापासून हे घर मले माहं वाटाले लागलं."

मी रस्त्याच्या मधोमध थांबले होते, कारण माझ्या आजूबाजूचे सगळे थांबले होते. वांगी निवडणारी एक बाई हातात वांगं धरून तशीच बसली होती. तराजू धरलेल्या माणसाने पारडं खाली टेकवलं होतं. जीपवाल्याने गाणं बंद केलं, स्वतःहून. मी त्याचा हात बटणाकडे जाताना पाहिला. टोपी घातलेला एक म्हातारा माणूस कानामागे तळवा धरून उभा होता आणि त्याचे ओठ हलत होते, जणू तो त्या बोलण्यात हुंकार भरत होता. मिरचीचं मशीन तेवढं धडधडत राहिलं. बाजार असा गप्प झालेला मी तोवर कधी पाहिला नव्हता, आणि तो गप्प केला होता अशा बाईने जी तिथे वांग्यांचा भावसुद्धा विचारत नसे.

भाईजान खूप हुशार माणूस. त्यांनी फाईल बदलली नाही. आवाज संपला तसा त्यांनी स्वतः माईक घेतला आणि एवढंच म्हणाले, "हे सरगुंडे हायवेवरच्या किराणा दुकानात भेटतेत." आणि पुन्हा पहिल्यापासून लावलं.

दुपारपर्यंत टांगलेला एकही पुडा उरला नाही. लोक विकत घेत होते ते एक, पण त्याहून जास्त ते बोलत होते. एका बाईने मला सांगितलं की तिच्या आईने पाठवलेला डबा तिने अजून ठेवलाय, रिकामा. एक शिक्षक नुसतेच येऊन उभे राहिले आणि "बरं केलं तुमी हे" म्हणून निघून गेले.

संध्याकाळी हे आत्याबाईंना कळलं. मी सांगायच्या आधी भाबीनेच सांगितलं. आत्याबाईंनी हातातली परात खाली ठेवली.

"माह्या आवाजाची बाजारात दवंडी पिटली?"

"मावशी, माफ करा, गलतीनं झालं," भाईजान दारातच उभे राहून म्हणाले. "तुमी म्हनसान तं आत्ता मिटवतो."

"लोक हासले काय?"

"नाई मावशी. गप बसले."

त्यांचा विश्वास बसला नाही. दोन दिवस त्या कुणाशी बोलल्या नाहीत. मग एका सकाळी लुगड्याचा पदर डोक्यावरून नाकापर्यंत ओढून त्या ऑटोच्या मागच्या सीटवर जाऊन बसल्या आणि भाईजानना म्हणाल्या, "चाल. मले पाहू दे." मीही शेजारी बसले. भाईजान सावकाश ऑटो चालवत गावातून फिरले आणि आत्याबाई पदराच्या फटीतून लोकांची तोंडं पाहत राहिल्या. एका घराच्या ओट्यावर धान्य पाखडणाऱ्या दोन बाया सूप मांडीवर ठेवून ऐकत होत्या. त्यांच्यातली एक डोळे पुसत होती. ऑटो पुढे गेल्यावरही आत्याबाई मान वळवून तिच्याकडेच पाहत होत्या.

घरी आल्यावर त्या म्हणाल्या, "राहू दे." आणि थोड्या वेळाने, "पन आमी हासलो तेवढं काढता येते काय?"

"नाई येत, आत्याबाई."

"मंग राहू दे."

त्यानंतर जे झालं ते कसं झालं हे मला आजही नीट सांगता येत नाही. बाजारातल्या कुणीतरी ऑटोचा व्हिडिओ काढला होता. तो कुणी कुणाला पाठवला देव जाणे. दुकानाचा नंबर भोंग्यावर लिहिलेला होता. पुण्याहून फोन आले, नागपूरहून आले, सुरतेहून आले. पहिला लांबचा फोन एका बाईचा होता. तिने सरगुंड्यांचं नावच काढलं नाही. म्हणाली, "ते परत एकदा वाजवता काय? आमचं माहेर तुमच्याच शिरपूरकडचं. माय गेल्यापासून असं कोणी बोललंच नाई माह्याशी." मी फोन आत्याबाईंच्या कानाला लावला. त्यांनी आधी भिंतीकडे तोंड केलं, मग हळूहळू बोलायला लागल्या आणि त्या अनोळखी बाईशी इतका वेळ बोलल्या की भाजी करपली. काय बोलल्या ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही.

मागणी आमच्या अंगणात मावेनाशी झाली. सकाळी कणीक भिजायची ती दुपारी संपायची आणि फोन तरी वाजतच असायचा. त्याच दिवसांत एका शहरातल्या जाहिरात कंपनीचाही फोन आला. बोलणारा माणूस फार नम्र होता. त्यांनी ती क्लिप ऐकली होती, ती त्यांना आवडली होती, पण आवाज खरखरीत आहे, मागे कावळा ओरडतोय, तर ते हीच जाहिरात स्टुडिओत चांगल्या कलाकाराकडून करून देतील. नमुना म्हणून त्यांनी आधी एक पाठवलाही.

तो आम्ही सगळ्यांनी अंगणात बसून ऐकला. आवाज गोड होता, 'मले', 'तुले' सगळं जागच्या जागी होतं, मागे बासरी होती.

मग भाबी म्हणाली, "ये तो टीवी की सास है."

आत्याबाई हसल्या. पण मी त्या नमुन्यावर पुष्कळ विचार करत राहिले. त्या माणसाचं काम वाईट नव्हतं. माझ्या लक्षात एवढंच आलं की काही कामं बाहेर द्यायलाच हवीत आणि काही दिली की हातातून जातात, आणि त्यातलं कुठलं कुठे मोडतं हे मला ठरवायचं होतं. मी त्यांना नम्रपणेच नाही म्हटलं. डबे भरायचं आणि पार्सल पाठवायचं काम मंगरुळपीरच्या दोघी बहिणींना दिलं, त्या आधीपासून एका साडीवाल्याचं तेच काम करत होत्या. ते सोपं होतं. राहिलं वळायचं काम.

"ते बाहेर कसं देशीन?" आत्याबाई म्हणाल्या. "हात बाहेर देता येते काय?"

भाईजान पोहरादेवीच्या यात्रेत दरवर्षी ऑटो घेऊन जातात. त्यांची तिकडच्या एका बंजारा तांड्यावर ओळख होती. तिथल्या बाया कापडावर आरशाचं भरतकाम करतात. बोटं बारीक कामाला सरावलेली, आणि त्यांना कामाची गरजही होती. मी जाऊन बोलून आले. कसं वळायचं त्याचा मोबाईलवर व्हिडिओ काढून त्यांना पाठवला, गहू पाठवले आणि घरी येऊन निश्चिंत झाले.

पहिला माल आला. दिसायला सुरेख होता. आम्ही तो तसाच पाठवला. चार-पाच दिवसांनी नागपूरच्या एका बाईंचा फोन आला. रागावल्या नव्हत्या, तेच जास्त लागलं. "ताई, हे ते नाईत," एवढंच म्हणाल्या. मी मूठभर शिजायला टाकले. बाहेरून विरघळायला लागले तरी आत कच्चेच. जाड झाले होते.

मी फोन उचलला होता, काम थांबवा म्हणून सांगायला. आत्याबाईंनी माझ्या हातातून तो घेतला आणि बाजूला ठेवला.

"त्याइनं मोबाईलात पाह्यलं, माहा हात जवळून नाई पाह्यला. त्याइचा काय कसूर? जीप किती वाजता हाय?"

माझ्या लग्नानंतर त्या पहिल्यांदा असं स्वतःहून गावाबाहेर निघाल्या होत्या. यात्रा होऊन गेली होती, तरी मानोऱ्यापासून पुढे जीप भरलेलीच. आत्याबाई दोन बायांच्या मध्ये अंग चोरून बसल्या होत्या आणि मांडीवर काड्यांची जुडी घट्ट धरली होती.

तांड्यावर पोहोचलो तेव्हा बाया गोळा झाल्या. आपसात त्या गोरमाटीत, त्यांच्या बोलीत, बोलायच्या, आमच्याशी मराठीत. मला वाटलं आत्याबाई लगेच चुका दाखवतील. त्यांनी सरगुंड्यांना हातही लावला नाही. एका बाईच्या ओढणीवरचं भरतकाम हातात घेतलं आणि बोट फिरवत विचारलं, "हा टाका कसा घालता वं? मले दाखव बरं."

ती बाई लाजली, मग सुई घेऊन बसली. आत्याबाई तिच्या इतक्या जवळ बसल्या की दोघींची डोकी एकमेकींना लागत होती. बराच वेळ त्या नुसत्या पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "तू सुई धरतेस ना, हलकी? तशीच काडी धर. पिठाले ओढू नोको. त्याले येऊ दे."

एवढंच. नंतर त्या तिथेच राहिल्या. मी दुकानासाठी परत यायला निघाले तर म्हणाल्या, "तू जाय. मी येतो मंग." घरात अशी सवड त्यांनी स्वतःसाठी कधी मागितली नव्हती.

काही दिवसांनी त्यांना आणायला गेले. सकाळची वेळ होती. जीपमधून उतरून चढ चढले आणि तांडा दिसला तशी मी थांबले. प्रत्येक घरासमोर बाज टाकलेली, बाजेवर धुतलेली पांढरी फडकी, आणि त्यांवर काड्याच काड्या. ओट्यांवर, पत्र्यांवर, उलट्या केलेल्या टोपल्यांवर, जिकडे पाहावं तिकडे कोवळ्या उन्हात सरगुंडे वाळत होते. पीठ अजून ओलसर होतं, त्यामुळे सगळ्या तांड्यावर एक मंद चमक पसरली होती. त्यांच्यामधून बाया येत-जात होत्या, पायात तोडे, हातात परात, आणि कुणाचाच पाय कुठे लागत नव्हता. लांबवर पळसाच्या झाडाखाली आत्याबाई बसल्या होत्या. भोवती सहा-सात जणी. डोक्यावरचा पदर खांद्यावर पडलेला होता आणि त्यांच्या ते लक्षातही नव्हतं.

मी तिथेच उभी राहिले. घरात लग्न होऊन आल्यापासून मी त्यांना ओळखत होते असं मला वाटत होतं. एका चुकीच्या फाईलने हे सगळं इतक्या लांब आणून ठेवलं होतं आणि माझ्या छापलेल्या, जुळवलेल्या, निर्जंतुक शब्दांचा त्यात कणभरही हात नव्हता. मला हसू आलं.

त्या मालातला एक डबा मी नागपूरच्या बाईंना पैसे न घेता पाठवला. त्यांनी फोन केला नाही. त्यांच्या मुलीने केला, आणखी हवेत म्हणून.

आता उन्हाळ्यात दोन तांडे आणि आमचं अंगण मिळून काम चालतं. पुड्यावर कुठे वळले ते लिहिलेलं असतं, कारण लोक विचारतात. भाबीने गेल्या ईदला शेवयांसाठी स्वतःचा आवाज दिला. तिने आधी सगळ्यांना अंगणातून बाहेर काढलं.

मी आणायला गेले होते त्या दिवशी तांड्यावरून परत येताना जीपमध्ये आत्याबाईंना खिडकीजवळ जागा मिळाली होती. सोयाबीनची रिकामी शेतं मागे जात होती. बाहेर बघता बघता त्यांनी विचारलं, "पोरी, हे सारं जाते कुठं कुठं?"

मी सांगितलं. पुणे, नागपूर, सुरत, हैदराबाद. एक डबा दुबईला गेला होता, कुणाच्या तरी मुलाकडे.

"दुबई म्हंजे समुद्राच्या पल्याड ना?"

"हो."

त्या स्वतः अकोल्याच्या पुढे कधी गेल्या नव्हत्या. त्यांनी मांडीवरचे हात उलटे करून पाहिले, तळवे, मग बोटं, एकेक करून. नखांत पीठ अडकलेलं होतं.

"बाप्पा," त्या हळूच म्हणाल्या, आणि पुन्हा खिडकीबाहेर पाहायला लागल्या.